पिक्चरचे तीन अंक ओळखायचे कसे? (शेवट फुटणार आहेत, सांभाळून वाचा)

रविवार_कारंजा
मंडळी, आमच्या नाशिकच्या नाटकवाल्या कंपूत एक वाद बरेच दिवस धुमसतोय. राज्य नाट्य स्पर्धेसाठी जमणारी आम्ही हौशी माणसं. तालीम संपली की टपरीवर चहा होतो आणि विषय पिक्चरवर घसरतो. त्यात एकाचं ठाम म्हणणं असं: तीन अंकी रचना ही हॉलिवूडची भानगड आहे, आपल्या पिक्चरला दोनच भाग असतात, इंटरव्हलच्या आधीचा आणि नंतरचा. मला हे पटत नाही. का पटत नाही ते लिहितो, मग तुम्ही तोडा.

आधी थोडी पार्श्वभूमी. सिड फील्ड या अमेरिकन लेखकाचं 'स्क्रीनप्ले' हे पुस्तक १९७९ सालचं. त्याचा हिशेब सोपा होता. पटकथा १२० पानांची, एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. पहिली ३० पानं मांडणी, मधली ६० संघर्ष, शेवटची ३० उकल. पहिला आणि दुसरा अंक संपता संपता एकेक घटना अशी घडते की गोष्ट वेगळ्याच दिशेला वळते. पुस्तक जगभर वाचलं गेलं आणि लोक घड्याळ लावून पिक्चर बघायला लागले. आपल्याकडे गडबड होते ती इथेच. 'लगान' ३ तास ४४ मिनिटांचा आहे. तिथे तिसाव्या मिनिटाला काय घडतं ते शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

म्हणून मी घड्याळ बघत नाही, दोन प्रश्न विचारतो. एक: हा माणूस कालच्या आयुष्यात परत जाऊ शकतो का? याचं उत्तर पहिल्यांदा 'नाही' आलं की पहिला अंक संपला. दोन: आत्तापर्यंत याने जे जे करून बघितलं ते सगळं निकामी झालंय का? याचं उत्तर 'हो' आलं की तिसरा अंक सुरू.

'पिंजरा' (१९७२) घ्या. गुरुजी तमाशाच्या विरोधात उभे राहतात, गावाला शिस्त लावतात आणि हळूहळू स्वतःच तमाशातल्या बाईच्या ओढीत सापडतात. बरेच जण म्हणतात की त्यांचा पाय घसरला तिथे पहिला अंक संपला. मला नाही तसं वाटत. पाय घसरलेला माणूस गुपचूप घरी येऊ शकतो, सकाळी अंघोळ करून शाळेत जाऊ शकतो. पण दुसऱ्याच्या मृतदेहावर गुरुजींचे कपडे चढतात, गाव समजतं की गुरुजींचा खून झाला, आणि मग परत जायला गुरुजी नावाचा माणूसच उरत नाही. दार बंद झालं ते तिथे. पुढे फडामागची फरफट हा दुसरा अंक. आणि ज्या क्षणी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली ते पकडले जातात, त्या क्षणी लपून राहण्याचा सगळा खटाटोप निकामी होतो. आता वाचायचं तर खरं सांगावं लागेल, आणि खरं सांगितलं तर गावाने पुजलेला गुरुजी मरेल. तिसऱ्या अंकाला याहून घट्ट पेच मी तरी मराठीत पाहिलेला नाही.

आता बोला.

साडेतीनचा_शो
पहिला! वाचनखूण साठवली आहे. सविस्तर प्रतिसाद जेवणानंतर.

अतिशहाणा२२
धागा छान, पण मुद्दा कच्चा. कुठल्याही गोष्टीला सुरुवात, मध्य आणि शेवट असतोच. माझ्या आजच्या दिवसाचेही तीन अंक पाडून देतो. मग त्यात ओळखायचं काय राहिलं? ॲरिस्टॉटलने आदि-मध्य-अंत म्हटलं त्यालाही आता दोन हजार वर्षं होऊन गेली.

रविवार_कारंजा
@अतिशहाणा२२, ॲरिस्टॉटल सुरुवात-मध्य-शेवट म्हणाला, तीन अंक म्हणाला नाही. पुढे रोमन होरेसने तर नाटकाला पाचच अंक हवेत असं बजावलं. तुमच्या दिवसाचे तीन तुकडे खुशाल पडतील. पण त्यात परत फिरता येणार नाही असं वळण आहे का? नसेल तर त्यावर पिक्चर निघणार नाही, आणि त्यातच तुमचं हित आहे.

ऑपरेटर_काका
नमस्कार मंडळी. मी शहरातल्या एका सिंगल स्क्रीनला प्रोजेक्टर चालवला, निवृत्त होईपर्यंत. तुमची पुस्तकं वाचलेली नाहीत, पण अंक मी रिळात मोजले आहेत.

३५ मिमीच्या फिल्मला एका फुटात सोळा फ्रेम, सेकंदाला चोवीस फ्रेम पळतात. म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. हजार फुटाचं रीळ अकरा मिनिटं, दोन हजाराचं बावीस. दोन मशीन असायच्या. एकीवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बारीक गोल ठिपका यायचा, तो दिसला की दुसरी चालू. प्रेक्षकाला पत्ता लागत नसे.

हिंदी-मराठी पिक्चरला इंटरव्हलची पाटी फिल्मवरच असायची, ती दिग्दर्शकाने ठरवलेली. इंग्रजी पिक्चरला पाटीच नसे. मग मॅनेजर सांगेल त्या रिळाला लाइट लावायचे. मॅनेजर काय बघायचा? कँटीनवाला किती वाजता वडे तळून तयार ठेवतो ते. हिरो दारूगोळा घेऊन दारात उभा आहे आणि इकडे लाइट लागले, असं कितीदा झालंय. लोक शिव्या घालायचे, त्या मला.

सांगायचा मुद्दा असा की इंटरव्हल कुठे आहे यावरून अंक ओळखायला जाऊ नका.

कॉलेजरोडची
काका, हा या धाग्यावरचा सर्वात भारी प्रतिसाद आहे. एक विचारू का? पाटी ज्या पिक्चरला असायची तिथे ती चांगल्या जागी आहे की वाईट, हे केबिनमधून कळायचं का?

ऑपरेटर_काका
कळायचं ना ताई. इंटरव्हलनंतर पहिल्या दोन मिनिटांत हॉल भरला तर पाटी बरोबर जागी. लोक सामोसा हातात घेऊन अंधारात धडपडत जागा शोधायचे, पण बाहेर थांबायचे नाहीत. आणि दहा मिनिटं दरवाजा उघडझाप होत राहिला की समजायचं, पिक्चर दुसऱ्या आठवड्यात उतरणार.

संधिप्रकाश
काकांच्या मुद्द्याला जोड देतो. (पेशाने संस्कृतचा शिक्षक, त्यामुळे थोडं सहन करा.)

नाट्यशास्त्रात अंक वेगळे आणि संधी वेगळे. अंक म्हणजे रंगमंच रिकामा होण्याची जागा. संधी म्हणजे कथेचे सांधे. ते पाच: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. मुखात बीज पडतं. प्रतिमुखात ते कधी दिसतं, कधी दडतं. गर्भात फळ हाताशी येतंय असं वाटतं आणि निसटतं. विमर्शात मोठं विघ्न येतं. निर्वहणात सगळे धागे एकत्र येतात.

'शाकुंतला'चे अंक सात, पण संधी पाचच. दुर्वासाचा शाप चौथ्या अंकाच्या सुरुवातीला येतो, तोही पडद्याआडून. शकुंतला आपल्याच विचारात बुडालेली, तिला तो ऐकूही येत नाही. पाचव्यात दुष्यंत तिला ओळखत नाही. कोळ्याकडे अंगठी सापडते ती सहाव्याच्या आरंभी. पडदे किती पडले हे मोजून यातलं काहीच हाती लागत नाही.

तेव्हा धागाकर्त्यांच्या मित्राला सांगा की इंटरव्हल हा पडदा आहे, सांधा नव्हे. आणि हे हॉलिवूडने शिकवायची आपल्याला गरज नव्हती.

अतिशहाणा२२
आलंच! सगळं आपल्याकडे आधीपासून होतं. विमान राहिलं.

संधिप्रकाश
विमानाचं मला माहीत नाही. ग्रंथ छापील आहे, मराठी भाषांतरंही आहेत. गावात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. जाऊन बघा.

साडेतीनचा_शो
जेवण झालं. आता माझा आवडता विषय: 'अशी ही बनवाबनवी' (१९८८). एवढ्या वेळा टीव्हीवर लागून गेला, तरी कोणी त्याची रचना नीट बघत नाही, कारण हसण्यात सगळं निसटतं.

घरमालक सरपोतदार चौघा मित्रांना घराबाहेर काढतात. दुसरी घरमालकीण लीलाबाई फक्त लग्न झालेल्यांनाच जागा देणार. मग चौघांतले दोघं साडी नेसतात. इथे पहिला अंक संपला, कारण आता सत्य सांगितलं तर चौघं रस्त्यावर. पुढची गंमत बघा, प्रत्येक खोटं पचवायला त्याहून मोठं खोटं लागतं. नवरा-बायको झाले, शेजारपाजार झाला, आणि शेवटी पार्वतीचं डोहाळजेवण! एका पुरुषाचं डोहाळजेवण घालायची पाळी आणली म्हणजे लेखकाने दुसरा अंक किती ताणलाय बघा. त्यापुढे नेण्यासारखं खोटंच उरत नाही. मग तिसरा अंक येतो आणि पटकन आटोपतो. विनोदी पिक्चरचा तिसरा अंक आखूडच असावा असं माझं मत. मुखवटे उतरल्यावर प्रेक्षकाला चपला सापडल्या पाहिजेत.

अवांतर: मूळ कल्पना १९६६ च्या हिंदी 'बीवी और मकान'ची. पण मराठी जास्त पाठ आहे.

कॉलेजरोडची
+१. दुसऱ्या अंकाची ही खूण मी कायम लक्षात ठेवीन. उपाय चालतो, पण चालला म्हणूनच अडचण वाढते.

मी लघुपट लिहायचा प्रयत्न करते आहे आणि माझं सगळं नेहमी मध्येच बसकण मारतं. सुरुवात सुचते, शेवट सुचतो, मधे पात्रं नुसती गंगापूर रोडवर गाडी चालवत फिरतात. कोणाला काही सुचतंय?

रविवार_कारंजा
@कॉलेजरोडची, मधल्या भागाला मधोमध एक खांब लागतो. 'शोले' आठवा. दोन चोरांना पैसे देऊन बोलावलंय, काम आहे डाकू पकडायचं. मधल्या टप्प्यावर कळतं की ठाकूरला हात नाहीत आणि ते कोणी तोडले. त्यानंतर काम तेच राहतं, पण पैशाचा विषय संपतो. बाहेरून गोष्ट तीच, आतून वेगळी. आपल्याकडचे चांगले लेखक इंटरव्हल अशाच ठिकाणी आणतात.

'३ इडियट्स'मध्येही बघा. ज्याला शोधत सिमल्यापर्यंत गेले तो रँचो हा रँचो नव्हेच. शोध चालूच राहतो, फक्त 'कुठे आहे' ऐवजी 'होता तरी कोण' असा प्रश्न होतो.

म्हणून आपल्या पिक्चरमध्ये मला तीन अंकच दिसतात, पण मधला अंक इंटरव्हलने दुभंगलेला. आमच्या टपरीवरच्या मित्राला दोन भाग दिसतात ते या दुभंगामुळे. इंटरव्हल आणि मधला खांब एकाच जागी आले की त्याचं म्हणणं खरं वाटायला लागतं.

त्र्यंबककर
नाशिकच्या धाग्यावर फाळक्यांचं नाव इतक्या उशिरा यावं याचं वाईट वाटलं. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत झाला, पण त्यानंतर ते नाशिकला आले आणि पुढचे पिक्चर इथेच काढले. निधनही नाशिकलाच, १९४४ मध्ये. पांडवलेण्याच्या पायथ्याशी स्मारक आहे, तिथे बहुतेक जण कारंजं बघायला जातात.

तर 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा, सुमारे ३७०० फूट. काकांच्या हिशेबाने आज चालवला तर चाळीसेक मिनिटं. एवढ्याशा जागेत रविवार_कारंजा यांचे दोन्ही प्रश्न लावून बघा. राजा विश्वामित्राला राज्य देऊन टाकतो. शब्द दिला, आता परत फिरणं नाही. मग वनवास, हालअपेष्टा. आणि शेवटी स्वतःच्या बायकोचा शिरच्छेद करायची वेळ येते. आतापर्यंत सगळं सोसलं ते सत्यापायी, आणि त्याच सत्यापायी आता हे करायचं. तेव्हा शंकर प्रकट होतात.

सिड फील्डचं पुस्तक यायला अजून सासष्ट वर्षं होती.

अतिशहाणा२२
हरिश्चंद्राची गोष्ट फाळक्यांची नव्हे, पुराणातली. रचना आयतीच मिळाली.

त्र्यंबककर
आयती मिळाली हे खरंच. आख्यानात वर्षानुवर्षं घासून झालेली गोष्ट त्यांनी उचलली आणि थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला ती आधीच पाठ होती. आवाज नाही, दोन-चार ओळींच्या पाट्या. अशा वेळी प्रेक्षक हरवू नये म्हणून याहून शहाणपणाची निवड कुठली?

पंचवटीची_मावशी
मला तुमचं अंकबिंक फारसं कळत नाही, पण 'श्वास' (२००४) बद्दल एक विचारायचंय. आजोबा नातवाला कोकणातून शहरात आणतात. डॉक्टर सांगतात, डोळ्याचा कर्करोग आहे, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल पण दृष्टी जाईल. इथे पहिला अंक संपला ना? मग ऑपरेशन हा तिसरा अंक का? मला तर ते आजोबा पोराला घेऊन हॉस्पिटलमधून गुपचूप निघून जातात तोच शेवट वाटला. त्यानंतर काय व्हायचं ते व्हायचंच होतं.

रविवार_कारंजा
मावशी, तुम्ही म्हणता की अंक कळत नाही, पण बरोबर सांध्यावर बोट ठेवलंत. निदान झालं तेव्हाच दार बंद झालं. त्यानंतर आजोबा काय काय करून बघतात? पुन्हा पुन्हा विचारतात, दुसरा काही मार्ग आहे का म्हणून. पोराला सांगायचं कसं, यावर अडतात. ऑपरेशन लांबतं. शेवटी कळतं की वाचवण्यासारखं, बदलण्यासारखं आपल्या हातात काही नाही. सगळे उपाय निकामी. मग हातात उरलेली एकच गोष्ट ते करतात, नातवाला शेवटचं जग दाखवतात. तिसरा अंक तिथून. ऑपरेशन होणार की नाही हा त्या पिक्चरचा प्रश्नच नव्हता. म्हणून तुम्हाला तो शेवट वाटला, आणि तुमचं वाटणं रास्त आहे.

पंचवटीची_मावशी
बरं झालं विचारलं. आता पुन्हा बघायचा धीर होईल की नाही माहीत नाही.

कॉलेजरोडची
आता 'लगान'वर भांडू या का? माझ्या मते इंग्रजांशी क्रिकेट खेळायची पैज स्वीकारली तिथे पहिला अंक संपतो. हरले तर तिप्पट लगान, त्यामुळे एकट्या भुवनचाच नाही तर सगळ्या गावाचा परतीचा रस्ता बंद. त्याआधी पावसाचं गाणं येतं. ढग येतात, गाव नाचतं, ढग निघून जातात. ते गाणं काढलं तर लगान भरता न येण्याचं कारणच जातं, म्हणजे गाणंसुद्धा मांडणीचं काम करतंय. इथपर्यंत वाद नसावा.

पण तिसरा अंक कुठे? सगळे म्हणतात, सामना सुरू झाला तिथे. सामना तासाहून जास्त चालतो! मला वाटतं पहिल्या दिवसाचा खेळ अजून दुसऱ्या अंकात आहे. संध्याकाळी कळतं की लाखा फितूर आहे. टीम बांधणं हाच तर इतका वेळ उपाय होता, आणि टीमच आतून फुटलेली निघाली. तेव्हा तिसरा अंक त्या रात्रीपासून.

साडेतीनचा_शो
नाही नाही. सामना सुरू झाला की प्रेक्षक पुढे सरकून बसतो. तोच तिसरा अंक. एवढा मोठा असला तर असू दे, पिक्चरही तेवढाच मोठा आहे.

ऑपरेटर_काका
मी तो चालवलाय. सामना सुरू झाला तेव्हा शिट्ट्या. लाखाला देवळात सगळे मारायला निघतात तेव्हा हॉल गप्प. दुसऱ्या दिवशी त्याने एका हातात झेल घेतला तेव्हा पुढचे स्टॉलवाले खुर्चीवर उभे राहिले. कुठला अंक ते तुम्ही ठरवा, हॉल कुठे बदलला ते मी सांगितलं.

संधिप्रकाश
कॉलेजरोडची यांच्याशी सहमत. लाखाची रात्र हा सरळ विमर्श संधी आहे.

अतिशहाणा२२
ठीक आहे, मानलं की मसाला पिक्चरला हे लागू होतं. आता 'कोर्ट' (२०१४) ला लावून दाखवा. वृद्ध लोकशाहीर, त्याच्यावर खटला, तारखांवर तारखा. मधेच वकील घरी जातो, सरकारी वकीलबाई लोकलने घरी जाऊन स्वयंपाक करतात, शेवटी न्यायाधीश सहलीला जातात. कुठे आहे तुमचं बंद झालेलं दार?

रविवार_कारंजा
नाही लागू होत, आणि ते मुद्दाम केलेलं आहे. तिथे कोणाचंच काही बदलत नाही. खटल्याने ज्याचं आयुष्य उलटंपालटं व्हावं तो माणूस बाजूला पडलेला आणि कॅमेरा बाकीच्यांच्या मागे त्यांच्या घरी. तिसऱ्या अंकाची वाट बघायला लावून तो द्यायचाच नाही, याची चीड प्रेक्षकाला यावी म्हणूनच तसं रचलंय असं मला वाटतं. पण वाट बघण्याची सवय तीन अंकांनीच लावलेली असते ना? रचना ओळखता येत असेल तर ती कुठे नाकारली आहे तेही दिसतं.

अतिशहाणा२२
हे उत्तर चलाख आहे. पटलं असं म्हणणार नाही.

कॉलेजरोडची
मग शेवटचा दगड माझा. 'सैराट' (२०१६). तिसरा अंक कुठून?

साडेतीनचा_शो
हैदराबाद. गाव सुटलं, वेगळा पिक्चर सुरू झाला.

रविवार_कारंजा
हैदराबाद नाही. पळून जाणं हे परतीचं दार बंद होणं आहे, म्हणजे तिथून दुसरा अंक. आधीचं सगळं प्रेमप्रकरण, विहीर, उसाचं शेत, मित्रांची धमाल ही लांबलचक मांडणी. इतकी लांब मांडणी सहसा कोणी करायला धजत नाही, पण तेवढी सैल सोडली म्हणूनच पुढे फास आवळता आला. हैदराबादेत भांडणं होतात, संशय येतो, आर्ची सोडून निघते, गाडीत बसते आणि परत येते. माझ्या मते दुसरा सांधा तो. इथून पुढे दोघं एकमेकांपुरते जिंकलेत.

कॉलेजरोडची
पण त्यात निकामी काय झालं? उलट सगळं मार्गी लागलं. लग्न, घर, मूल. तुमचा दुसरा प्रश्न इथे चालतच नाही. मला वाटतं तिसरा अंक आर्ची आईला फोन करते तिथून. दुसऱ्या अंकात दोघांचा उपाय एकच होता, माहेरापासून तुटून राहणं. तो तिने स्वतःच्या हाताने मोडला, आणि तोही प्रेमापोटी. फक्त तिला ते कळत नाही. आपल्यालाही नाही.

संधिप्रकाश
अंगठी बोटातून पडते तेव्हा शकुंतलेला तरी कुठे कळतं.

अतिशहाणा२२
म्हणजे जवळजवळ तीन तासांच्या पिक्चरचा तिसरा अंक काही मिनिटांचा? सिड फील्डला झीट येईल.

ऑपरेटर_काका
मी तेव्हा निवृत्त झालो होतो, प्रेक्षकांत बसून बघितला. फोनच्या वेळी माझ्या शेजारचा पोरगा मोबाइल बघत होता. भाऊ पिशव्या घेऊन दारात आला तेव्हाही निम्मा हॉल निवांतच. ती चहा टाकते, तोवर कोणाला काही नाही.

रविवार_कारंजा
काका, मग तुमच्या हिशेबाने तिसरा अंक कुठून?

ऑपरेटर_काका
माझ्या हिशेबाने तो अंक कधी सुरू झाला ते हॉलला कळलंच नाही. लाइट लागले तरी कोणी उठेना, डोअरकीपरला येऊन सांगावं लागलं. या कंपूने पुन्हा बघायचा ठरवलात तर मला बोलवा. फोनच्या वेळी पडद्याकडे नाही, लोकांकडे बघायचं आहे.

कॉलेजरोडची
रविवारी चालेल? प्रोजेक्टर मी आणते. @अतिशहाणा२२, तुम्हीही या, घड्याळासकट.